सर्व्हरचं घड्याळ आणि टाइमझोन

सर्व्हरवर वेळ सेट करणं हे दिसायला एक काम असलं तरी असतात दोन. आतलं घड्याळ बरोबर चालवणं हे एक, आणि ती वेळ माणसांना कुठल्या देशाच्या हिशोबाने दाखवायची ते ठरवणं हे दुसरं. निम्मे गोंधळ ही दोन कामं एकात एक मिसळल्यामुळेच होतात. ठरलेला प्रकार असा, की भारतात बसलेल्या माणसाला नवीन क्लाउड सर्व्हर साडेपाच तास मागे दिसतो, तो तारीख-वेळेची कमांड मारून काटे पुढे सरकवतो आणि काम झालं म्हणतो, पण मुळात घड्याळ बरोबरच होतं, फक्त यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, दाखवत होतं. बदलायला हवा होता टाइमझोन, आणि आता खरंखुरं घड्याळ १९,८०० सेकंद पुढे जाऊन बसलं.

लिनक्स सर्व्हरच्या पोटात वेळ म्हणजे एक आकडा असतो, १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून (यूटीसीप्रमाणे) किती सेकंद झाले तो. मुंबईतला सर्व्हर असो की फ्रँकफर्टमधला, एकाच क्षणी दोघांकडे आकडा एकच असला पाहिजे. त्याचं तास-मिनिट-तारखेत रूपांतर शेवटी, दाखवताना होतं, आणि तेव्हाच टाइमझोन लागतो.

मशीनच्या आत परत दोन घड्याळं आहेत. मदरबोर्डवरचं आरटीसी (रिअल टाइम क्लॉक), जे मशीन बंद असतानाही नाण्याएवढ्या सीआर २०३२ सेलवर चालू रहातं, आणि दुसरं कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, सिस्टिम क्लॉक. मशीन चालू होताना कर्नल आरटीसीकडून वेळ उचलतो आणि मग स्वतःच मोजत बसतो, त्यामुळे दोघांत हळूहळू फरक पडत जातो. सेल संपला की मशीन बूट होताना भलत्याच जुन्या वर्षात उगवतं. आरटीसीमध्ये यूटीसी ठेवायची लिनक्सची पद्धत आहे तर विंडोज तिथे स्थानिक वेळ ठेवतं, म्हणून एकाच मशीनवर दोन्ही टाकली की सिस्टिम बदलल्यावर वेळ नेमकी साडेपाच तासांनी इकडेतिकडे होते. व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे खऱ्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या मशीनचा, त्रास वेगळा, ते थोडा वेळ गोठवून परत चालू केलं की जागं झाल्यावर ते मागेच असू शकतं.

या घड्याळांतले स्फटिक साधे, आरटीसीचा बहुधा ३२,७६८ हर्ट्झचा, आणि तापमान बदललं की त्यांची चाल बदलते. दहा लाखात २० भागांची चूक म्हणजे काहीच नाही असं वाटतं पण तेवढ्याने दिवसाला पावणेदोन सेकंद जातात. म्हणून घड्याळ हाताने लावून भागत नाही, ते सतत कोणाशी तरी जुळवत रहावं लागतं आणि त्यासाठी एनटीपी (नेटवर्क टाइम प्रोटोकॉल) आहे. डेव्हिड मिल्स या अमेरिकन संशोधकाने बनवलेला हा प्रोटोकॉल १९८५ पासून वापरात आहे, म्हणजे वेबपेक्षा जुना, आणि यूडीपी या नेटवर्क प्रोटोकॉलच्या १२३ नंबर पोर्टवर चालतो. चालतो कसा, तर तुमचा सर्व्हर विचारणा पाठवताना वेळ टिपतो, समोरचा ती मिळाल्याची आणि उत्तर पाठवल्याची वेळ टिपतो, उत्तर पोचलं की तुमचा सर्व्हर चौथी वेळ टिपतो. या चार आकड्यांवरून प्रवासात किती वेळ गेला आणि आपण किती मागेपुढे आहोत दोन्ही काढता येतं. फक्त यात जाताना आणि येताना सारखाच वेळ लागला असं धरलेलं असतं, आणि नेटवर्क एका बाजूने तुंबलेलं असेल तर तिथेच थोडी चूक शिरते. तरी इंटरनेटवरून काही मिलिसेकंदांपर्यंत वेळ जुळते, बहुतेकांना तेवढं पुष्कळ झालं.

वेळ देणाऱ्यांच्या उतरंडीला स्ट्रॅटम म्हणतात. अणुघड्याळ किंवा जीपीएस रिसिव्हर शून्यावर, त्याला थेट जोडलेला सर्व्हर १ वर, त्याला विचारणारा २ वर, असं १५ पर्यंत, आणि १६ म्हणजे जुळलेलंच नाही. कॉन्फिगमध्ये दोनच सोर्स लिहू नयेत, दोघांत तफावत आली तर खोटं कोण ते कळायला मार्ग नाही, चार असले की एखादा बिघडलेला बाजूला काढता येतो.

फरक सापडला की लगेच काटे फिरवतात असंही नाही. लहान फरक असेल तर घड्याळाची चाल किंचित कमीजास्त करून तो हळूहळू मुरवतात. जुना एनटीपी डिमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) सेकंदामागे जास्तीत जास्त अर्धा मिलिसेकंद सरकवतो, म्हणजे एक सेकंद भरून काढायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो. एवढी सबुरी अशासाठी की वेळ अचानक मागे गेली तर डेटाबेसला नंतरची नोंद आधीची वाटायला लागते. फरक मोठा असेल तर मात्र उडी मारावीच लागते आणि ती शक्यतो बूटच्या वेळीच मारून घ्यावी, सर्व्हिसेस उठायच्या आधी. आजकाल बऱ्याच सर्व्हरवर यासाठी क्रोनी हा प्रोग्रॅम असतो, हलक्या कामाला सिस्टिमडी या लिनक्सच्या सर्व्हिसेस सांभाळणाऱ्या व्यवस्थेचं टाइमसिंक चालतं. टाइमडेटसीटीएल ही कमांड नुसती चालवली तरी स्थानिक वेळ, यूटीसी, आरटीसी, टाइमझोन आणि घड्याळ जुळलंय की नाही हे सगळं एकाखाली एक दिसतं, काहीही बदलायच्या आधी ते बघावं.

भारतात याला कायद्याचीही बाजू आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे कंपन्या, डेटा सेंटर वगैरेंनी आपली घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी जुळवायची आहेत आणि लॉग, म्हणजे सिस्टिममधल्या घडामोडींच्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे आहेत. भारतीय प्रमाणवेळ सांभाळायचं काम याच प्रयोगशाळेकडे आहे. आता हे वाचून काही जण सगळे सर्व्हर आयएसटीवर, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेच्या झोनवर, टाकत सुटतात, पण तिथे घड्याळ जुळवायला सांगितलंय, टाइमझोन हा वेगळाच विषय आहे.

टाइमझोनची यादी लिनक्सवर आणि इतरही बऱ्याच ठिकाणी एकाच डेटाबेसमधून येते. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केलेली ही टीझेड फाइल २०११ पासून आयएएनए या इंटरनेटची नावं-नंबर सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे. त्यात मुंबई शोधून सापडत नाही, पुणे नाही आणि दिल्लीही नाही, अख्ख्या भारताला 'एशिया/कोलकाता' हे एकच नाव, आणि जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तेच 'एशिया/कलकत्ता' म्हणून दिसतं. नुसतं आयएसटी कुठेही लिहू नये, इस्रायल आणि आयर्लंडही तीच अक्षरं वापरतात. या फाइलमध्ये इतिहास पण भरलाय, दुसऱ्या महायुद्धात भारताचं घड्याळ तासभर पुढे म्हणजे यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होतं तेही नोंदलेलं आहे. त्यामुळे १९४४ मध्ये जन्मलेल्या आजोबांची जन्मतारीख कोणी वेळेसकट साठवली आणि सरसकट साडेपाच तास धरून फिरवली तर तारीख एका दिवसाने चुकू शकते. जन्मतारीख नुसती तारीख म्हणूनच ठेवावी हे बरं.

मग सर्व्हरचा टाइमझोन काय ठेवावा? माझं मत सरळ आहे, यूटीसी ठेवा आणि माणसाला दाखवताना बदला. पण त्याचे तोटेही माहीत पाहिजेत. पहाटे साडेपाचपर्यंत यूटीसीमध्ये कालचीच तारीख असते. १ एप्रिलला पहाटे ३ ला बनलेलं बिल प्रोग्रॅमने यूटीसीची तारीख घेऊन छापलं तर ते ३१ मार्चचं होतं, म्हणजे सरळ जुन्या आर्थिक वर्षात जातं, आणि मग सीएचा फोन येतो. क्रॉनचं, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमचंही तसंच, सोमवारी पहाटे २ चा बॅकअप हवा असेल तर यूटीसी सर्व्हरवर रविवारी रात्री साडेआठ लिहावं लागतं, वारसुद्धा बदलतो. टाइमझोन बदललाच तर क्रॉन आणि चालू असलेल्या सर्व्हिसेस रीस्टार्ट कराव्यात, त्या जुनाच झोन धरून बसलेल्या असतात. डॉकरचा कंटेनर (ॲप चालवायचा वेगळा बंद डबा) घड्याळ होस्टचं, म्हणजे ज्या मशीनवर तो चालतो त्याचं, घेतो पण टाइमझोन स्वतःचा, बहुतेक वेळा यूटीसी, म्हणून होस्टवर सगळं ठीक असताना ॲपच्या लॉगमध्ये साडेपाच तासांचा फरक दिसतो. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये टाइमस्टॅम्प कॉलम यूटीसीत बदलून साठवला जातो आणि डेटटाइम जसा दिला तसाच, हे माहीत नसताना दोन्ही एकाच टेबलात टाकणारे बरेच सापडतात.

घड्याळ चुकलं की एरर मात्र भलत्याच ठिकाणी येतात. वेबसाइटची ओळख पटवणारं एसएसएल सर्टिफिकेट अजून लागूच झालं नाही म्हणून नाकारलं जातं, ३० सेकंदांनी बदलणारा लॉगिन कोड जुळत नाही, कर्बेरॉस या ऑफिस नेटवर्कच्या लॉगिन पद्धतीत साधारणपणे पाच मिनिटांहून जास्त फरक चालत नाही म्हणून ऑफिसभर लॉगिन अडतं, आणि दोन सर्व्हरचे लॉग शेजारी ठेवले तर आधी काय झालं तेच ठरत नाही.

लीप सेकंद हा वेगळा ताप. पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ रहावा म्हणून १९७२ पासून यूटीसीत असे २७ सेकंद घातले गेले. ३० जून २०१२ च्या सेकंदाला लिनक्स कर्नलमधला एक बग उघडा पडला आणि जगभर सर्व्हरचे सीपीयू उगाच शंभर टक्क्यांवर गेले. शेवटचा २०१६ च्या अखेरीस आला, आपल्याकडे तेव्हा १ जानेवारी २०१७ ची पहाट होती, ५ वाजून २९ मिनिटं ६० सेकंद. गूगलसारखे लोक तो एक सेकंद २४ तासांत पसरवून टाकतात, म्हणून पसरवणारा आणि न पसरवणारा असे दोन्ही सोर्स एकत्र लावू नयेत. २०३५ पर्यंत हा प्रकार बंद करायचं २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलंय.

त्याच्या आसपासच दुसरी तारीख आहे, १९ जानेवारी २०३८, भारतीय वेळेने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. ३२ बिटांत मोजलेला सेकंदांचा आकडा तिथे भरतो आणि पुढच्या सेकंदाला डिसेंबर १९०१ दाखवतो. ६४ बिटांच्या सर्व्हरवर कर्नलला याची अडचण नाही, धोका जुन्या राउटर-मीटरसारख्या उपकरणांत आणि जुन्या फाइल फॉरमॅटमध्ये आहे. आणि वीस वर्षांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता मोजणाऱ्या प्रोग्रॅमला तर ही तारीख आधीच ओलांडावी लागलेली आहे.