गौण विषय म्हणून संगीत (गोव्यातील पदवी शिक्षण)

वाणिज्य, विज्ञान किंवा कला शाखेतील एखादा मुख्य विषय घेऊन पदवीचे शिक्षण चालू असताना त्याच्या जोडीला ठरावीक श्रेयांकांपुरते (क्रेडिट्सपुरते) संगीत शिकण्याची जी सोय महाविद्यालयात असते, तिला गौण विषय म्हणून संगीत असे म्हणतात. विद्यार्थी आणि शिक्षक बोलताना सर्रास ‘म्युझिक मायनर’ असाच उल्लेख करतात. संगीत हाच मुख्य विषय असलेल्या पदवीपासून हे शिक्षण वेगळे आहे. अशी पदवी गोव्यात गोवा विद्यापीठाशी संलग्न असलेल्या गोवा संगीत महाविद्यालयातून घेता येते. त्याचप्रमाणे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार या परीक्षा किंवा लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या श्रेणी परीक्षा यांच्याशीही या गौण विषयाची गल्लत करू नये. त्या परीक्षा खासगी शिकवणीच्या बळावर, महाविद्यालयाबाहेर दिल्या जातात आणि त्यांचा पदवीच्या गुणपत्रिकेशी संबंध नसतो.

या सोयीला आजचे रूप राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांची जी श्रेयांक चौकट प्रसिद्ध केली, तिच्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात आणि त्यांपैकी २४ गौण प्रवाहाचे असतात. चार वर्षांच्या पदवीला हेच आकडे अनुक्रमे १६० आणि ३२ आहेत. गौण प्रवाहाच्या या श्रेयांकांत व्यावसायिक शिक्षणाचे अभ्यासक्रमही मोजले जातात, आणि एखाद्या विषयात किमान १२ श्रेयांक मिळवले तर तो गौण विषय म्हणून मान्य होतो. गोवा विद्यापीठाने ही चौकट २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून आपल्या महाविद्यालयांत लागू केली. कोणते गौण विषय द्यायचे हे मात्र प्रत्येक महाविद्यालयाकडील शिक्षक आणि जागा यांवर ठरते, आणि संगीताच्या बाबतीत ही अट इतर विषयांपेक्षा कडक ठरते. इतिहासाला एक वर्ग आणि एक फळा पुरतो. संगीताला तानपुरे, तबल्याच्या जोड्या, हार्मोनियम आणि शेजारच्या वर्गाला त्रास होणार नाही अशी खोली लागते.

श्रेयांकांचे तासांत रूपांतर केले की या शिक्षणाचा आवाका नेमका कळतो. पंधरा आठवड्यांच्या सत्रात शास्त्राच्या एका श्रेयांकाला १५ तास, तर प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास धरले जातात. त्यामुळे २४ श्रेयांक सगळे शास्त्राचे असले तर ३६० तास होतात, सगळे प्रात्यक्षिकाचे असले तर ७२०, आणि निम्मे निम्मे विभागले तर ५४०. रोज एक तास रियाज करणारा नवशिका तीन वर्षांत हजाराहून अधिक तास गळ्याला देतो, आणि तरीही तो बैठकीत गायला बसण्याच्या जवळपासही आलेला नसतो. गौण विषयातून गायक-वादक घडतील ही अपेक्षा या हिशेबात बसत नाही. अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी ती धरली, तर सहा सत्रांत दहा-पंधरा रागांच्या बंदिशी घाईघाईने उरकल्या जातात आणि विद्यार्थ्याला एकही राग धड येत नाही.

गोव्यात या विषयाला जे वेगळेपण येते ते इथल्या मागच्या चार-पाच शतकांमुळे. एका बाजूला देवळे होती. देवस्थानांच्या आश्रयाने राहिलेल्या कलावंत घराण्यांतून गायन, नृत्य आणि तालवादन पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. केरीच्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) या दोघींनी जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ यांची तालीम घेतली. मंगेशीने दीनानाथ मंगेशकर आणि जितेंद्र अभिषेकी दिले, आणि लयीच्या हिशेबात खाप्रूमामा पर्वतकर यांचे नाव आजही जाणकार आदराने घेतात. दुसऱ्या बाजूला सोळाव्या शतकापासून पाद्री आणि चर्चशी जोडलेल्या शाळा होत्या. तेथे मेस्त म्हणवले जाणारे संगीतशिक्षक मुलांना स्वरवाचन, समूहगायन आणि व्हायोलिन शिकवीत. पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाद्यवृंदाची रचना करणारे आणि तो वाजवणारे इतके गोमंतकीय आढळतात, त्याचे मूळ या शाळांत आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतील ठळक नाव. त्यांच्या नावाचे अध्यासन गोवा विद्यापीठात आहे.

या दोन्ही परंपरांत शिकवण झाली ती महाविद्यालयाबाहेर. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाल्यावर १९६२ मध्ये पणजी व मडगाव येथे पहिली महाविद्यालये निघाली आणि ती मुंबई विद्यापीठाला जोडली गेली. १९७० मध्ये कला अकादमी स्थापन झाली आणि तिने भारतीय व पाश्चात्त्य अशा दोन्ही संगीतांचे वर्ग चालवले. १९८५ मध्ये गोव्याचे स्वतंत्र विद्यापीठ आले. तरीही पदवीचा विद्यार्थी संगीत शिकत असे तो संध्याकाळी, गुरूकडे किंवा अकादमीत, आणि त्याच्या महाविद्यालयाला ते आठवत असे युवा महोत्सव जवळ आला की. गौण विषयाच्या चौकटीमुळे संध्याकाळचे हे शिक्षण दिवसाच्या वेळापत्रकात येऊ शकते.

वर्गात येणारा विद्यार्थी कोरा नसतो, ही इथली सर्वांत महत्त्वाची बाब. फोंडा किंवा डिचोलीकडचा मुलगा लहानपणापासून देवळातल्या भजनात झांज वाजवत आलेला असतो. त्याला कित्येक अभंग तोंडपाठ असतात, चवथीच्या आरतीत तो घुमट हे मातीचे तालवाद्य वाजवतो, पण आपण शेवटी म्हणतो ती भैरवी आहे हे त्याला ऐकून माहीत असते आणि तिचे स्वर मात्र सांगता येत नाहीत. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतली मुलगी चर्चच्या गायकवृंदात गायलेली असते; पाच रेघांवर लिहिलेले संगीत ती पाहताक्षणी वाचते, पण कागद काढून घेतला आणि चार स्वरांत स्वतःच्या मनाने काही गा म्हटले की अडते. तिसरा एखादा विद्यार्थी गांधर्वच्या मध्यमा किंवा विशारदपर्यंत परीक्षा दिलेला असतो आणि पहिल्या सत्रातील अलंकार, म्हणजे सरावाचे स्वरसमूह, त्याला कंटाळवाणे वाटतात. या तिघांना एकाच सतरंजीवर बसवून एकच पाठ देणे हे या विषयाच्या शिक्षकाचे खरे काम आहे, आणि छापील अभ्यासक्रमात त्याची दखल क्वचितच असते.

ही अडचण पहिल्याच आठवड्यात समोर येते ती गाणाऱ्याच्या मूळ ‘सा’वरून, म्हणजे षड्‌जावरून. मुली साधारणपणे काळी चार किंवा काळी पाचमध्ये गातात, मुले काळी एक किंवा काळी दोनमध्ये; ही नावे पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरून आली आहेत. तानपुरा एकाच पट्टीत लागतो. मधली पट्टी घेतली तर मुलांचा तार सप्तक चिरकतो आणि मुलींचा मंद्र ऐकूच येत नाही. म्हणून प्रात्यक्षिकाच्या दोन तुकड्या करणे हाच योग्य मार्ग आहे. पण तसे केले की शिक्षकाचे तास दुप्पट होतात आणि वेळापत्रक करणाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडतात. भ्रमणध्वनीवरच्या तानपुऱ्याने पट्टी बदलणे सोपे झाले आहे. तरी खरा तानपुरा जुळवायला शिकवणे टाळू नये, कारण जोडीच्या तारा एकमेकींत मिसळल्या की नाही हे ऐकता येणे ही स्वरज्ञानाची पहिली परीक्षा असते.

तालाच्या बाबतीत वेगळीच गंमत होते. यमनमधला साधा छोटा ख्याल घेतला तर त्याचा मुखडा अनेकदा तीनतालाच्या नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून उठतो आणि आठ मात्रा चालून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येतो. गायकवृंदातली मुलगी सोळा मात्रा अचूक मोजते. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी आणि नवव्या मात्रेला खाली हे तिला एका तासात पाठ होते. पण ओळ नवव्या मात्रेपासून सुरू होते आणि वजन मात्र ओळीच्या मध्यावर पडते, हे तिच्या अंगवळणी पडायला आठवडे लागतात. भजनातल्या मुलाचे उलट असते. सम आली की त्याची मान आपोआप डोलते. फक्त ती कितवी मात्रा, हे विचारल्यावर त्याचा हात थांबतो. दोघांना समोरासमोर बसवून एकाने ठेका धरायचा आणि दुसऱ्याने गायचे, मग उलट करायचे, असा पाठ दिला तर ते शिक्षकापेक्षा एकमेकांकडून लवकर शिकतात.

शास्त्राच्या भागात विष्णु नारायण भातखंडे यांचे दहा थाट (रागांचे स्वरांनुसार केलेले गट) आणि त्यांची स्वरलिपी येते: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली टिंब, तार सप्तकासाठी वर टिंब. विष्णु दिगंबर पलुसकरांची लिपी हिच्याहून वेगळी आहे आणि गांधर्वच्या परीक्षा दिलेल्यांना ती ओळखीची असते. या लिप्या पुस्तकातून उतरवून घेण्यात फारसा अर्थ नाही. विद्यार्थ्याने आपल्या गावातला एखादा अभंग, धालो या स्त्रियांच्या लोकनृत्यातले एखादे गाणे किंवा मांडो या गोव्यातील ख्रिस्ती समाजाच्या कोंकणी गीतप्रकाराची एक ओळ ऐकून स्वतः लिपीत उतरवावी, आणि मग वर्गातल्या दुसऱ्याने ती केवळ कागदावरून गाऊन दाखवावी. मूळ चालीतले काय निसटले ते लगेच ऐकू येते: मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे), आंदोलन (स्वराचे हलके झुलणे), श्वासाची जागा. मांडो पाच रेघांवर तुलनेने सहज उतरतो, तर गौळण उतरता उतरत नाही, आणि यातून दोन्ही लिप्यांच्या मर्यादा कळतात.

गोव्यातील सत्रांची रचनाही या विषयाला अनुकूल आहे, फक्त तिचा उपयोग करून घ्यावा लागतो. पहिल्या सत्रात श्रावणातला वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह आणि त्यामागून चतुर्थीची सुट्टी येते. ही सुट्टी म्हणजे अभ्यासात पडलेला खंड न मानता घुमट, शामेळ (मातीचा ढोल) आणि कासाळे (मोठ्या झांजा) यांच्या आरतीचे ध्वनिमुद्रण व टिपण करण्याचे काम तिला जोडता येते. घुमटाला २०१९ मध्ये राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे चढवत. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते निषिद्ध झाल्यावर बकरीचे कातडे वापरले जाऊ लागले, आणि नादात काय फरक पडला यावर जुन्या वादकांचे स्वतंत्र मत असते, जे लिहून ठेवण्याजोगे आहे. नोव्हेंबरच्या सुमारास पणजीत केसरबाई केरकर संगीत समारोह भरतो, आणि दुसऱ्या सत्रात शिगम्याचे रोमटामेळ, म्हणजे ढोल-ताशांच्या मिरवणुका येतात.

श्रवणासाठी केसरबाईंच्या जुन्या ध्वनिमुद्रिका फार उपयोगी पडतात. १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर पाठवलेल्या तबकडीत त्यांची भैरवी आहे, हे विद्यार्थ्यांना बहुधा ठाऊक असते. साडेतीन मिनिटांच्या आसपासच्या त्या गाण्यात स्थायी (बंदिशीचा पहिला भाग) कुठे संपते, कोणत्या स्वरावर किती वेळ थांबल्या आहेत आणि मूळ ध्वनिमुद्रिकेच्या वेळेच्या मर्यादेमुळे काय आवरते घेतले असावे, हे घड्याळ लावून टिपायला सांगितले की ‘छान आहे’ यापलीकडे बोलण्यासारखे पुष्कळ सापडते. ऐकण्याची अशी शिस्त ५४० तासांत नक्की लागू शकते.

पाश्चात्त्य संगीत घेतल्यास स्वरवाचन, स्वरसंवादाचे मूलभूत नियम आणि समूहगायन किंवा एखादे वाद्य अशी विभागणी होते. गोव्यात पियानो, व्हायोलिन आणि गिटारचे शिक्षक मिळणे तुलनेने सोपे आहे.

मूल्यमापनात अंतर्गत चाचण्या आणि सत्रान्त परीक्षा असे दोन भाग असतात. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत गायन-वादनाबरोबर हातावर ताल देऊन ठेका एकपट व दुप्पट म्हणणे, स्वर ओळखणे आणि तोंडी प्रश्न यांचा समावेश होतो. आधीपासून गाणाऱ्याला येथे सहज पैकीच्या पैकी मिळतात आणि नवख्याने केलेली प्रगती गुणांत दिसत नाही, ही तक्रार रास्त आहे. त्यावर उपाय म्हणून लिप्यंतर, श्रवणटिपण आणि क्षेत्रकार्य यांना अधिक वजन द्यायला हवे, कारण त्यांत भजनी मुलगा, गायकवृंदातली मुलगी आणि विशारद झालेला असे सगळेच सारखे नवखे असतात.

साथीचा प्रश्न राहतो. गायनाच्या तासाला तबलजी हवा. पण महाविद्यालयाच्या नोकरवर्गात साथीदार नावाची जागा धरण्याची सवय नाही, आणि गायनशिक्षकाने एका हाताने पेटी धरून दुसऱ्या हाताने मांडीवर ठेका द्यायचा, असा प्रकार होतो. यंत्रावरचा ठेका लय सोडत नाही हे खरे, पण तो गाणाऱ्याचे ऐकतही नाही, त्यामुळे समेवर भेटण्याचा जो आनंद शिकवायचा तोच शिकवायचा राहून जातो. गौण विषयातील व्यावसायिक भाग वापरून ध्वनिमुद्रण, ध्वनिसंयोजन, हार्मोनियमची दुरुस्ती किंवा तबल्याची जुळवणी यांचे अभ्यासक्रम आखता येतात. गावोगावच्या उत्सवी नाटकांना आणि रवींद्र भवन या सांस्कृतिक केंद्रांतल्या कार्यक्रमांना अशा माणसांची गरज कायम असते.

पुढील शिक्षणाच्या दृष्टीने, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४ च्या पदव्युत्तर चौकटीप्रमाणे विद्यार्थ्याला पदवीच्या मुख्य विषयात किंवा गौण विषयात पदव्युत्तर प्रवेशासाठी पात्र धरले जाते. म्हणजे रसायनशास्त्राची पदवी घेतलेली विद्यार्थिनी गौण विषयाच्या आधारे संगीताच्या पदव्युत्तर वर्गासाठी अर्ज करू शकते. प्रवेशाच्या वेळी गाऊन दाखवावे लागते तेथे मात्र केवळ श्रेयांक पुढे करून भागत नाही, आणि त्यामुळे ज्यांना त्या वाटेने जायचे आहे ते महाविद्यालयाच्या तासांबरोबर बाहेरच्या गुरूची तालीमही चालू ठेवतात.