उत्तर चुकलं की यंत्र काय करतं? शैक्षणिक सॉफ्टवेअरची शंभर वर्षं

शैक्षणिक सॉफ्टवेअरचा विषय निघाला की चर्चा दोन मुद्द्यांभोवती घुटमळते. यंत्र शिक्षकाची जागा घेणार का, आणि मुलांनी पडद्यासमोर किती वेळ बसावं. या क्षेत्राचा इतिहास चाळताना मात्र त्याहून कामाचा एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. विद्यार्थ्याचं उत्तर चुकलं, की पुढच्या क्षणी यंत्र काय करतं? गेल्या शंभर वर्षांत याची मोजकीच उत्तरं शोधली गेली, आणि आजची बहुतेक ॲप्स त्यांपैकीच एखादं वापरतात.

सुरुवात संगणकाच्याही आधीची आहे. ओहायो स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी १९२०च्या दशकात एक छोटं यंत्र तयार केलं. खिडकीत प्रश्न दिसे आणि बाजूला चार कळा असत. मागचा खटका एका बाजूला असला की यंत्र परीक्षा घेई. कुठलीही कळ दाबली तरी प्रश्न पुढे सरके, आत गुण मोजले जात. खटका फिरवला की यंत्र ‘शिकवू’ लागे, म्हणजे बरोबर कळ दाबल्याखेरीज प्रश्न हलतच नसे. ठरावीक गुण मिळाले की खाऊची गोळी बाहेर टाकणारी एक जोडणीही प्रेसींनी केली होती. आजच्या ॲपमधले तारे आणि पदकं किती जुनी आहेत, ते यावरून कळावं. पुढे महामंदी आली. शिक्षकच बेकार फिरत असताना त्यांचे श्रम वाचवणारं यंत्र कोणाला हवं होतं? १९३२ साली प्रेसींनी हे काम थांबवलं.

१९५३ मध्ये हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या वर्गात गणिताचा तास बघायला गेले. त्यांना दोन गोष्टी खटकल्या. कोणाचं आधी होवो वा नंतर, सगळ्या वर्गाने एकाच चालीने जायचं. आणि आपलं उत्तर बरोबर की चूक, हे मुलाला फार उशिरा कळायचं. त्यांच्या यंत्रात धडा इतक्या बारीक पायऱ्यांत कापलेला असे की चुकायला जागाच राहू नये. पर्यायही दिलेले नसत, कारण चुकीचा पर्याय नुसता वाचूनही तो डोक्यात राहतो असं त्यांचं म्हणणं होतं. उत्तर स्वतः लिहायचं आणि लगेच ताडून बघायचं. त्याच दशकात अमेरिकी हवाई दलातल्या तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणावर काम करणारे नॉर्मन क्राउडर यांनी नेमकी उलटी वाट धरली. त्यांच्या पुस्तकांत प्रत्येक पर्यायासमोर पानाचा क्रमांक असे. चुकीचा पर्याय निवडला की तुम्ही अशा पानावर पोचता, जिथे ‘तुम्ही बहुधा असा विचार केलात, तो इथे का लागू पडत नाही ते बघा’ असं समजावलेलं असे. स्किनरना चूक टाळायची होती, क्राउडरना ती वापरायची होती. पुढचा सगळा इतिहास या दोघांच्या मधे कुठेतरी फिरतो.

संगणक या गोष्टीत शिरला १९६० साली. इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी ‘प्लेटो’ नावाची प्रणाली सुरू केली, तेव्हा एका वेळी एकच विद्यार्थी ती वापरू शकत असे. तिच्या कळफलकावरच्या दोन कळा मला फार आवडतात. ‘हेल्प’ दाबलं की मूळ प्रश्न बाजूला ठेवून मदतीचे छोटे प्रश्न सुरू होत. आणि ते सोडवता सोडवता डोक्यात प्रकाश पडला, की ‘अहा’ ही कळ दाबून थेट मूळ प्रश्नावर परतता येई. आपल्याला कधी समजलं, हे ठरवायचा अधिकार विद्यार्थ्याच्या बोटाशी होता. १९७२च्या सुमारास आलेल्या चौथ्या आवृत्तीत नारिंगी प्लाझ्मा पडदा होता, आणि तो बोटाच्या स्पर्शाला प्रतिसाद देई. ‘ट्यूटर’ या खास भाषेत शिक्षक स्वतः धडे लिहीत. चर्चेचे फलक आणि एकमेकांशी थेट गप्पा मारण्याची सोयही तिथे १९७०च्या दशकातच होती. अडचण खर्चाची होती. मध्यवर्ती महासंगणकाला टर्मिनल जोडणं फार थोड्या संस्थांना परवडण्यासारखं होतं.

स्टॅनफर्डला पॅट्रिक सपीस आणि रिचर्ड ॲटकिन्सन यांनी अधिक सरळ काम हाती घेतलं, ते म्हणजे सराव. मूल टेलिटाइपवर, म्हणजे संगणकाला जोडलेल्या टंकयंत्रावर, बेरजेचं उत्तर टाइप करी. चुकलं तर ‘नाही, पुन्हा प्रयत्न कर’ असा कागदावर ठोका. वेळ लागला तर ‘वेळ संपली’. यंत्राला चूक झाल्याचं कळत होतं, चूक कशी झाली हे कळत नव्हतं. याच सपीस यांनी १९६६ साली लिहिलं होतं, की थोड्याच वर्षांत लाखो मुलांना ॲरिस्टॉटलइतका जाणता खासगी शिक्षक मिळेल, जसा अलेक्झांडरला मिळाला होता. या आश्वासनाला आता साठ वर्षं झाली. प्रत्येक नव्या यंत्राबरोबर ते नव्या वेष्टनात येतं.

१९६७ मध्ये सेमूर पॅपर्ट, वॉली फॉयर्झाइग आणि सिंथिया सोलोमन यांनी ‘लोगो’ ही मुलांसाठीची प्रोग्रामिंग भाषा केली आणि प्रश्नच उलटा केला. मुलांची विचारशक्ती कशी घडते याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्याबरोबर पॅपर्ट जिनिव्हात काम करून आलेले होते. लोगोमध्ये आदेश दिला की पडद्यावरचं कासव चालतं आणि मागे रेघ उमटते. समजा मुलाला समभुज त्रिकोण काढायचा आहे. त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे शाळेत शिकलेलं असतं. म्हणून ते तीनदा ‘१०० पावलं पुढे, ६० अंश उजवीकडे’ असं सांगतं. कासव निमूटपणे तसं चालतं आणि अर्धा षटकोन काढून थांबतं. कोणी ‘चूक’ म्हणत नाही. मूल स्वतः कासवाच्या जागी उभं राहून चालून बघतं, आणि त्याच्या लक्षात येतं की वळायचं असतं ते बाहेरच्या कोनातून, म्हणजे १२० अंश. चूक इथे दुरुस्त करायचा प्रोग्राम असतो, गुण कापायचं निमित्त नसतं. मात्र त्यासाठी वेळ लागतो आणि शेजारी जाणता शिक्षक लागतो. बहुतेक शाळांकडे आठवड्याचा एखादा तास होता, आणि लोगो तेवढ्यात कोंबली गेली.

माझ्या मते या इतिहासातलं सर्वांत कमी आठवलं जाणारं काम १९७८चं आहे. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी ‘बग्गी’ नावाचा प्रोग्राम केला. निकाराग्वातल्या हजारांहून अधिक मुलांच्या वजाबाक्या त्यांनी तपासल्या. एखादं मूल ५२ मधून २७ वजा करून ३५ उत्तर काढतं. यात निष्काळजीपणा दिसत असला, तरी ते मूल एक नियम काटेकोरपणे पाळतंय: प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा. दुसरं मूल १०३ मधून ४५ वजा करून १५८ लिहितं, म्हणजे मूळ संख्येपेक्षाही मोठं उत्तर. त्याने शून्याचे नऊ केले, पण शतकातून एक कमी करायचा राहिला. अशा चुकांचे शेकडो प्रकार आणि त्यांची मिश्रणं निघाली. बग्गीमध्ये संगणक चुकणाऱ्या विद्यार्थ्याची भूमिका घेई, आणि भावी शिक्षकांनी त्याला गणितं घालून त्याचा चुकीचा नियम ओळखायचा. नुसत्या ‘पुन्हा प्रयत्न कर’ने अशा मुलाचं काय होईल? ते त्याच नियमाने पुन्हा तेच उत्तर काढेल.

१९७७ पासून घरगुती संगणक आले, स्वस्त झाले, शाळांत पोचले, आणि गुणवत्तेच्या दृष्टीने एक पाऊल मागे गेलं. स्मृती तोकडी, म्हणून पुन्हा सराव, वर रंग आणि आवाज. काही खेळांत चुकीच्या उत्तराचा धमाका बरोबर उत्तराच्या टाळ्यांहून गमतीचा असे. मुलं मुद्दाम चुकीची उत्तरं देत. सीडींचा काळ आला आणि गेला. १९८३ सालीच शिक्षण-संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी लिहून ठेवलं होतं, की किराणा आणणाऱ्या ट्रकमुळे जसं पोषण बदलत नाही, तसं माध्यमामुळे शिकणं बदलत नाही. अमेरिकी शिक्षण विभागासाठी झालेला वाचन आणि गणिताच्या सॉफ्टवेअरचा मोठा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. ते वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या वर्गांच्या गुणांत लक्षणीय फरक सापडला नाही. दरम्यान मूडलसारख्या ऑनलाइन अभ्यासक्रम-व्यवस्थांनी धडे, गृहपाठ आणि गुणपत्रकं एका जागी आणली. सोय मोठी, पण चूक तिथे तक्त्यातला एक आकडा झाली.

खरी प्रगती शांतपणे दुसरीकडे चालली होती. कार्नेगी मेलन विद्यापीठात जॉन अँडरसन आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात असे शिकवणी प्रोग्राम केले, जे शेवटच्या उत्तराची वाट न बघता प्रत्येक पायरी तपासत. त्याचं मोल किती, हे कर्ट व्हॅनलेन यांच्या २०११ मधल्या आढाव्यात दिसतं. शिकवणी न मिळालेल्यांच्या तुलनेत फक्त अंतिम उत्तर तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा परिणाम सुमारे ०.३१ प्रमाण विचलन (मुलांचे गुण एरवी किती विखुरलेले असतात, त्याचं हे माप). पायरीगणिक साथ देणाऱ्याचा ०.७६, आणि एकास एक शिकवणाऱ्या माणसाचा ०.७९. अर्थात मुलंही हुशार. इशाऱ्याचं, म्हणजे ‘हिंट’चं, बटण भराभर दाबत राहिलं की शेवटच्या इशाऱ्यात उत्तरच मिळतं, हे त्यांनी लवकर हेरलं. संशोधकांना मग ही चलाखी ओळखण्यासाठी वेगळे प्रोग्राम लिहावे लागले.

२०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि या जुन्या प्रश्नाला अनपेक्षित वळण मिळालं. विद्यार्थ्याने चुकण्याआधीच उत्तर हजर. तुर्कीतल्या एका शाळेत जवळपास हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात गणिताच्या सरावासाठी एका गटाला साधा चॅटबॉट दिला. सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा याच गटाचे गुण तो कधीच न वापरलेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी कमी भरले. दुसऱ्या गटाच्या चॅटबॉटला थेट उत्तर न देता इशारे द्यायला सांगितलं होतं. शिवाय प्रत्येक गणितात मुलं सहसा कुठे आणि कशी चुकतात, हे शिक्षकांकडून विचारून त्याच्या सूचनांत आधीच घातलं होतं. या गटाचे सरावातले गुण १२७ टक्क्यांनी वाढले, आणि परीक्षेतली ती घसरण जवळजवळ नाहीशी झाली.