पक्के बिल नसताना निकृष्ट कामाचे क्रेडिट कार्डवरील पैसे परत कसे मागावेत

बडोद्यात मे महिन्याच्या अखेरीस अगाशीचे (गच्चीचे) वॉटरप्रूफिंग करून घेण्याची घाई सगळ्यांनाच असते आणि हे काम बहुधा तोंडी ठरते. बिल घेतले तर अठरा टक्के जीएसटी वर द्यावा लागेल, असे ठेकेदार सांगतो आणि आपण कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानतो. दांडिया बाजारातील माझ्या मावशींच्या घरी असेच घडले. एकूण ४८,००० रुपयांपैकी ३०,००० क्रेडिट कार्डाने आणि १८,००० रोखीने दिले. पहिल्याच मोठ्या पावसात छताला ओल आली, अगाशीवरचा थर नखाने निघू लागला आणि ठेकेदाराने फोन उचलणे बंद केले. पक्के बिल नाही म्हणून आता काहीच करता येणार नाही, असे त्यांना घरातल्यांनीच सांगितले होते. ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यामुळे अनेक जण मुदत हातची घालवतात, म्हणून ही प्रक्रिया सविस्तर देत आहे.

कार्डाने दिलेली रक्कम बँकेमार्फत परत मागण्याच्या प्रक्रियेला चार्जबॅक म्हणतात. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोन्हींच्या नियमांत, सेवा ठरल्याप्रमाणे न मिळणे किंवा ती सदोष असणे, हे चार्जबॅकचे मान्य कारण आहे. त्यासाठी पैसे कार्डाने दिलेले असावेत, आधी विक्रेत्याकडे दाद मागितलेली असावी आणि मुदत उलटलेली नसावी. मुदत सर्वसाधारणपणे १२० दिवसांची असते. ती काही वेळा सेवा मिळाल्याच्या तारखेपासून मोजली जाते, तरी आपण पैसे दिल्याच्या तारखेपासूनच मोजावी. म्हणजे २० मे रोजी कार्ड वापरले असेल, तर १७ सप्टेंबर ही अखेरची तारीख समजून त्याच्या बरेच आधी अर्ज करावा. रुपे कार्ड असल्यास मुदत बँकेकडून विचारून घ्यावी. रोखीने दिलेली रक्कम या मार्गाने मिळत नाही, आणि काम पूर्वी ठरल्याप्रमाणेच झाले असून केवळ मनाजोगते वाटत नसेल, तर तक्रार टिकत नाही.

खरी मेहनत कागदपत्रांची आहे. बिल नसले तरी व्यवहाराच्या खुणा उरलेल्या असतात: कार्डाचा एसएमएस, स्टेटमेंट, व्हॉट्सअ‍ॅपवरील बोलणे, भावाचा आकडा लिहिलेली चिठ्ठी, काम चालू असतानाचे फोटो, सोसायटीच्या फाटकावरील नोंदवहीत कडियांच्या (गवंड्यांच्या) येण्याजाण्याच्या तारखा. जे लेखी झाले नव्हते ते आजच्या तारखेने लेखी करून घेता येते. मावशींच्या फोनवरून आम्ही ठेकेदाराला पाठवलेला संदेश असा होता: “आपले ठरले होते त्याप्रमाणे ६०० चौरस फूट अगाशीला दोन हात केमिकल आणि पाच वर्षांची हमी, असे ४८,००० रुपयांत काम होते. एकच हात दिल्याचे दिसत आहे, पाणी गळत आहे. पंधरा दिवसांत दुरुस्ती करावी, अन्यथा काम रद्द समजून पैसे परत करावेत.” त्यावर “पाऊस थांबू द्या, बघतो” एवढेच उत्तर गुजरातीत आले. परंतु त्यात मापाला, भावाला किंवा हमीला नकार नव्हता, म्हणून तेच उत्तर आमच्या बाजूने सर्वांत उपयोगी ठरले. मागील तारीख घातलेले कागद मात्र कधीही तयार करू नयेत.

दुसऱ्या कारागिराकडून दुरुस्ती करून घेण्याआधी फोटो काढावेत आणि दोष काय आहे हे त्याच्याकडून लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह लिहून घ्यावे. निघालेल्या थराचा तुकडाही जपून ठेवावा.

एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. ठेकेदाराकडे स्वतःचे मशीन नसते, तेव्हा तो ओळखीच्या सॅनिटरीवेअरच्या दुकानात कार्ड स्वाइप करायला सांगतो आणि स्टेटमेंटवर त्या दुकानाचे नाव उमटते. बँकेच्या दृष्टीने विक्रेता म्हणजे ते दुकान. आमच्या बाबतीत दुकानदाराने ३०,००० रुपयांच्या मालाचे बिल बँकेला सादर केले. “दुकानात जाऊन कार्ड स्वाइप करा, कामाच्या पैशात धरतो” हा ठेकेदाराचा जुना संदेश सापडला, म्हणूनच ते बिल खोडून काढता आले.

अर्ज कार्ड देणाऱ्या बँकेकडे, तिच्या अ‍ॅपवरून किंवा ईमेलने, डिस्प्यूट फॉर्म (व्यवहाराला हरकत घेण्याचा अर्ज) भरून करावा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा. पुरवणी कार्ड असल्यास अर्ज मूळ कार्डधारकाने करावा. “काम बेकार आहे” असे न लिहिता काय ठरले, काय झाले आणि किती रकमेचे काम वाया गेले, हे तारखांसह मांडावे. गुजराती संदेशांखाली इंग्रजी भाषांतर द्यावे. विक्रेत्याचे उत्तर बँकेने कळवल्यास त्यावरचे म्हणणे दिलेल्या मुदतीतच पाठवावे, कारण ही मुदत थोड्या दिवसांची असते. तक्रार चालू असताना कार्डाचे बिल भरणे थांबवू नये. बँकेने रक्कम तात्पुरती जमा केली नसेल, तर व्याज चढते आणि क्रेडिट स्कोअरही खाली येतो.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा कारण न देता नकार दिला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर विनाशुल्क तक्रार करता येते. चौकशी १४४४८ या क्रमांकावर होते. लोकपाल बँकेचे वर्तन तपासतो, गवंडीकाम नव्हे. ठेकेदाराविरुद्धचा मार्ग ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये आहे. या कायद्याच्या कलम २(४७) नुसार बिल किंवा पावती न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे, त्यामुळे बिल नसणे हा उलट ठेकेदाराचाच दोष ठरतो. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत, राहत्या ठिकाणीही तक्रार दाखल करता येते आणि दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी. आयोगापुढे व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश ठेवताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र जोडावे आणि ज्या फोनवर ते आले तो फोन निकाल लागेपर्यंत विकू नये. मावशींना कार्डावरील रक्कम परत मिळाली. रोखीच्या १८,००० रुपयांसाठी त्यांनी आता आयोगाकडे अर्ज केला आहे.