कचरा जाळून वीज की कुजवून गॅस: घोळ नेमका कुठे होतो

शहरात ‘कचऱ्यापासून वीज’ प्रकल्पाची बातमी आली की सोसायटीच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: “आता ओला-सुका वेगळा करायची कटकट संपली, सगळं प्लांटमध्येच जाणार.” हे ऐकलं की मला राहवत नाही. कारण या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात, आणि कचरा एकत्र दिला तर दोन्ही बिघडतात.

पहिली गोष्ट बायोगॅसची. गावाकडे गोबरगॅस पाहिलेल्यांना ती समजावून सांगायला नको. बंद टाकी, हवा नाही, जिवाणू, वर मिथेन हा जळणारा वायू आणि खाली स्लरी, म्हणजे उरलेला पातळ चोथा. शेणाऐवजी स्वयंपाकघरातला कचरा घातला की झालं. भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘निसर्गऋण’ प्रकल्प याच जातीचा, आणि गोव्यातल्या साळगावच्या प्रकल्पातही ओल्या कचऱ्याचा गॅसच होतो.

दुसरी गोष्ट भट्टीची. कचरा जाळायचा, त्या उष्णतेवर पाण्याची वाफ करायची आणि वाफेवर टर्बाइन फिरवायचं. औष्णिक वीज केंद्रच, फक्त कोळशाच्या जागी कचरा. पिंपरी-चिंचवडमध्ये मोशीला १४ मेगावॉटचा असा प्रकल्प आहे. १ ऑगस्ट २०२३ रोजी त्याचं उद्घाटन झालं.

इथवर बहुतेकांचा गोंधळ नसतो. गोंधळ होतो तो पाण्यापाशी. टाकीतल्या जिवाणूंना पाणी हवंच असतं. कचरा कोरडा असेल तर वरून पाणी घालून त्याचा लगदा करावा लागतो. भट्टीला मात्र पाण्याचा प्रत्येक थेंब आधी उकळून उडवावा लागतो. एक किलो पाणी तीस अंशांवरून उकळीला आणून त्याची वाफ करायला सुमारे ६१० किलोकॅलरी लागतात, आणि ही उष्णता चिमणीतून निघून जाते, विजेच्या कामी येत नाही.

आता एक किलो कलिंगडाच्या साली घ्या. त्यात ९०० ग्रॅमच्या वर पाणी. ते उडवायलाच साडेपाचशे किलोकॅलरी गेल्या. उरलेला १०० ग्रॅम कोरडा भाग जळून फार तर चारशेच्या आसपास देणार. म्हणजे या सालींनी भट्टीला काही दिलं तर नाहीच, उलट शेजारच्या पुठ्ठ्याची उष्णता खाल्ली. त्याच साली टाकीत घातल्या असत्या तर थोडा का होईना, गॅस मिळाला असता. जो कचरा एकीकडे खाद्य, तोच दुसरीकडे विझवण. आपल्याकडच्या शहरी कचऱ्यात निम्म्याच्या आसपास वाटा ओल्याचा असतो, त्यामुळे हा प्रश्न किरकोळ नाही.

आणि नुकसान फक्त विजेचं होत नाही. डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं मोडायची तर जळणाऱ्या वायूचं तापमान किमान दोन सेकंद ८५० अंशांवर राहिलं पाहिजे, असा युरोपातला नियम आहे. ओला कचरा घातला की तापमान घसरतं. मग एक तर वरून डिझेलसारखं इंधन जाळा, नाहीतर धुरातून काय बाहेर पडतंय त्याची काळजी करा.

ही भीती कागदावरची नाही. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाने रोज ३०० टन कचरा जाळणारा प्रकल्प उभारला. दिल्लीच्या कचऱ्यात पुरेशी उष्णताच नव्हती. प्रकल्प जेमतेम काही दिवस चालला आणि बंद पडला. उलट बाजूचं उदाहरण लखनऊचं. तिथे २००३ मध्ये बायोगॅसवर ५ मेगावॉट वीज करायची योजना होती. कचरा आला तो माती, रेती आणि प्लास्टिक मिसळलेला, आणि तोही प्रकल्प थोड्याच काळात थांबला. तंत्रं दोन, मरण एकाच कारणाने: वर्गीकरण न करता आलेला कचरा.

“पण स्वीडन तर सगळं जाळतो!” नाही जाळत. तिथे अन्नाचा कचरा वेगळा काढतात, त्याचा बायोगॅस करतात आणि त्यावर शहरातल्या बस चालवतात. भट्टीतली उष्णता पाइपांतून घरं गरम करायला जाते. आपल्याला घरं गरम करायची नाहीत, म्हणून आपल्याकडे फक्त वीज उरते आणि बहुतांश उष्णता वाया जाते. ही तुलना करणं लोकांनी आता सोडावं.

बारीकसारीक फरक पटकन सांगतो. नारळाच्या करवंट्या, आंब्याच्या कोयी, हाडं टाकीत नकोत. जिवाणूंना ती पचत नाहीत. जळल्यावर कचरा ‘नाहीसा’ होत नाही. आकारमान ९० टक्क्यांपर्यंत घटतं, पण वजनाने पाचवा-चौथा हिस्सा राख उरते आणि चिमणीच्या गाळणीत अडकलेली बारीक राख घातक असते. बायोगॅसची स्लरी शेतात जाते, तीही कचऱ्यात काच आणि बॅटरीचे सेल नसतील तरच.

माझं मत स्पष्ट आहे: ओला कचरा जाळू नये, कधीच नाही. तो वॉर्डातच टाकीत किंवा खतात जावा. भट्टीत जावं ते फक्त पुनर्वापर न होणारं, कोरडं आणि जळणारं. २०१६ च्या घनकचरा नियमांतही हीच दिशा होती: पुनर्वापर न होणारा आणि किलोमागे १५०० किलोकॅलरी किंवा अधिक उष्मांक असलेला कचरा भराव क्षेत्रात न टाकता ऊर्जेसाठी वापरायचा.

तुमच्या शहरात असा प्रकल्प जाहीर झाला, तर किती मेगावॉट हे नंतर विचारा. आधी करार वाचायला मागा. ठेकेदाराला पैसे टनावर मिळणार असतील आणि ओलाव्याची मर्यादा कुठेच लिहिलेली नसेल, तर पालिका भट्टीत पोचवलेल्या पाण्याचेही पैसे मोजणार आहे, आणि पावसाळ्यात ते वजन आणखी वाढणार आहे.