स्वतः भरलेल्या काडतुसांचा वेग एकसारखा का येत नाही?

आमच्याकडून क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारे उपकरण) किंवा वजनकाटा घेतलेले नेमबाज अनेकदा एकच तक्रार करतात: एकाच दिवशी, एकाच मापाने भरलेल्या काडतुसांचा वेग दर गोळीला बदलतो. अशा वेळी पावडरचे प्रमाण बदलण्याची घाई करू नये. आधी दिसणारा फरक खरोखर काडतुसांचा आहे की मोजणीचा, हे ठरवावे.

क्रोनोग्राफवरील 3 किंवा 5 गोळ्यांच्या आकड्यांवर विसंबून निर्णय घेणे धोक्याचे आहे. 5 गोळ्यांवरून प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत, याचे माप) 10 फूट प्रति सेकंद आले, तर खरे विचलन साधारण 6 ते 29 यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. 20 गोळ्यांनंतर ही कक्षा साधारण 7.6 ते 14.6 इतकी आवळते. सर्वांत वेगवान आणि सर्वांत मंद गोळीच्या वेगातील फरक तर गोळ्या वाढतील तसा वाढतच जातो. म्हणून एका भरणीच्या 5 गोळ्यांची दुसरीच्या 20 गोळ्यांशी तुलना करून एकीला चांगली ठरवणे योग्य नव्हे.

उपकरणही तपासावे. प्रकाशावर चालणारा क्रोनोग्राफ नळीच्या तोंडापासून साधारण 3 ते 4.5 मीटरवर ठेवावा, कारण फार जवळ ठेवल्यास बाहेर पडणारा वायू आणि त्याचा झोत चुकीची नोंद घडवतो. ढग येणे-जाणे आणि तिरपे ऊन यांनीही आकडे हलतात. कारखान्यात बनलेली, स्पर्धेच्या दर्जाची काडतुसे त्याच मांडणीत झाडून पाहावीत. त्यांचेही आकडे विस्कळीत आले, तर बहुधा दोष तुमच्या भरणीत नाही. मांडणी आणि रायफल तपासावी.

दोष भरणीत आहे असे दिसले, तर वजनापासून सुरुवात करावी. मध्यम आकाराच्या रायफल काडतुसात पावडरचा 0.1 ग्रेनचा (ग्रेन म्हणजे साधारण 0.065 ग्रॅम) फरक वेगात साधारण 4 ते 5 फूट प्रति सेकंदाचा फरक पाडतो. लांबट दाण्याच्या पावडरचा एक दाणा साधारण 0.02 ग्रेनचा असल्याने दोन-चार दाण्यांनी फारसे बिघडत नाही. बिघडते ते काटा हळूहळू सरकत गेल्याने. इलेक्ट्रॉनिक काटा सुरू करून काही वेळ तापू द्यावा, पंख्याची हवा आणि मोबाईल दूर ठेवावेत, आणि दर दहा-बारा वजनांनंतर प्रमाणित वजन ठेवून पाहावे. रिकामे ताट परत ठेवल्यावर पूर्वीचाच आकडा आला नाही, तर मधल्या सगळ्या भरण्या पुन्हा तोलाव्यात.

वजन नेमके असूनही वेग विस्कळीत राहिला, तर आमच्या मते पुढचा संशय केसच्या (काडतुसाच्या पितळी कवचाच्या) मानेवर, म्हणजे गोळी धरणाऱ्या अरुंद तोंडावर, घ्यावा. मान गोळीला किती घट्ट धरते, यावर ज्वलनाच्या सुरुवातीचा दाब अवलंबून असतो. पितळ वारंवार ताणले-दाबले गेल्याने कडक होते, आणि कमी-जास्त वेळा वापरलेल्या केस एकत्र मिसळल्या की ही पकड दर काडतुसाला वेगळी होते. गोळी बसवताना प्रेसच्या (काडतूस भरण्याच्या यंत्राच्या) दांड्यावर हाताला लागणारा जोर लक्ष देऊन अनुभवावा: एक गोळी सहज घसरत जाते आणि दुसरी अडून बसते, असे जाणवले तर त्या केस वेगळ्या काढून त्यांचे आकडे स्वतंत्र नोंदवावेत. एकाच कंपनीच्या, एकाच लॉटच्या आणि सारख्याच वेळा झाडलेल्या केस वापरल्यास आतल्या जागेतला फरकही कमी होतो. मानेचे ॲनीलिंग (तापवून पितळ पुन्हा मऊ करणे) उपयोगी आहे, पण केसच्या बुडाशी उष्णता पोहोचली तर ती केस कायमची निकामी समजावी.

प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी) तळाशी नीट टेकलेला नसणे आणि फायरिंग पिनची (प्रायमरवर आघात करणाऱ्या सुईची) स्प्रिंग थकलेली असणे, ही कारणे कमी वेळा आढळतात, पण तपासणे सोपे असते. केस अर्धवटच भरलेली असेल, तर पावडर पुढे सरकली की मागे, यानेही वेग बदलतो. उन्हात ठेवलेली पेटी आणि तापलेल्या चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसते त्या जागेत) रेंगाळलेले काडतूस वेग वाढवते. स्वच्छ, थंड नळीतून सुटलेल्या पहिल्या गोळीचा आकडा वेगळा नोंदवावा.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वेग एकसारखा करण्यासाठी पावडर वाढवू नये; पावडर-उत्पादकाच्या चालू तक्त्यातील कमाल मर्यादा कधीही ओलांडू नये, आणि गोळी, केस, प्रायमर किंवा पावडरचा लॉट बदलल्यास तक्त्यातील किमान प्रमाणापासूनच पुन्हा सुरुवात करावी. तक्त्यापेक्षा वेग बराच जास्त येत असेल किंवा बोल्ट (चेंबर बंद करणारा भाग) जड उघडत असेल, तर त्याच क्षणी थांबावे.

किती अचूकतेमागे लागायचे, हे अंतरावर ठरवावे. 2600 फूट प्रति सेकंद वेगाच्या गोळीत 10 फूट प्रति सेकंदाचा फरक 100 मीटरवर एक मिलिमीटरही उंची बदलत नाही, 300 मीटरवर तो साधारण 7 मिलिमीटर होतो, आणि 1000 यार्डांवर मात्र साधारण 10 सेंटिमीटरपर्यंत जातो.

आम्हाला सल्ला विचारताना सर्व गोळ्यांचे आकडे, नको वाटलेलेही, झाडलेल्या क्रमाने पाठवावेत. सोबत तापमान, क्रोनोग्राफचे अंतर आणि केस किती वेळा वापरल्या, हेही कळवावे.