सत्यान्वेषीचा पुणे मुक्काम

दूरदर्शनवर १९९३ साली 'ब्योमकेश बक्षी'चं पहिलं पर्व आलं. त्याआधी १९८५ मध्ये पंकज कपूरचा गाजरं खाणारा 'करमचंद' घरोघरी पोचला होता, त्यामुळे हिंदी मालिकेतला गुप्तहेर प्रेक्षकांना नवा नव्हता. पण धोतर नेसलेला, हळू आवाजात बोलणारा, स्वतःला 'डिटेक्टिव्ह' म्हणवून न घेणारा हा माणूस वेगळाच निघाला. तो स्वतःला म्हणायचा सत्यान्वेषी, म्हणजे सत्याचा शोध घेणारा.

ब्योमकेश जन्मला १९३२ मध्ये, बंगाली लेखक शरदिंदु बंद्योपाध्यायांच्या लेखणीतून. गंमत अशी की, 'सत्यान्वेषी' ही त्याच्या मित्राची, अजितची, आणि त्याची पहिली भेट सांगणारी कथा लिहिली गेली तिसरी. 'पथेर काँटा' आणि 'सीमंत-हीरा' त्याआधीच्या. पुढे पुस्तकात आणि मालिकेतही ती पहिली लागली, आणि ते योग्यच झालं. कोलकात्याच्या एका मेसमध्ये, म्हणजे राहण्याजेवण्याची सोय असलेल्या घरात, खोटं नाव घेऊन राहायला आलेला तरुण आणि त्याच्यासोबत खोली वाटून घेणारा लेखक अजित, एवढ्यावरच पुढच्या सगळ्या मैत्रीचा पाया आहे.

मराठी वाचकाला ठाऊक असायला हवा असा भाग इथून पुढे आहे. १९३८ मध्ये शरदिंदु पटकथा लिहायला मुंबईत आले, मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये. ब्योमकेश त्याआधीच थांबला होता. १९३६ नंतर तब्बल पंधरा वर्षं त्याची एकही नवी कथा आली नाही. मग कोलकात्याच्या एका फेरीत स्नेह्याच्या घरातल्या मुलांनी त्यांना विचारलं की, तुम्ही आता ब्योमकेश का लिहीत नाही? त्या प्रश्नातून १९५१ मध्ये 'चित्रचोर' आली. पुढच्याच वर्षी त्यांनी चित्रपटाचा धंदा सोडला आणि ते पुण्यात येऊन राहिले. ब्योमकेशच्या बत्तीस पूर्ण कथा आहेत. त्यांतल्या बहुतेक या दुसऱ्या डावातल्या, म्हणजे कोलकात्याच्या गल्ल्या, तिथली वाटण्यांवरून भांडणारी घरं, तिथला दमट उन्हाळा हे सारं पुण्यात बसून लिहिलेलं. मला वाटतं, या कथांमधल्या शहरावर जी हळवी साय धरलेली जाणवते, ती या अंतरामुळेच. इथं राहून ते आपल्या इतिहासातही रमले: शिवाजी महाराजांच्या काळातल्या सदाशिव नावाच्या मराठी पोराच्या साहसकथा त्यांनी बंगाली मुलांसाठी लिहिल्या. १९७० मध्ये ते गेले तेव्हा 'विशुपाल वध' ही ब्योमकेशकथा अर्धीच राहिली होती.

मोठ्या पडद्यावर सत्यजित राय यांनी १९६७ मध्ये उत्तमकुमारला घेऊन 'चिडियाखाना' केला होता. पण बंगालबाहेरच्या माणसाला ब्योमकेश खऱ्या अर्थानं भेटला तो बासू चटर्जींमुळे. बासूदा आधी 'ब्लिट्झ' साप्ताहिकात व्यंगचित्रकार होते, मग 'रजनीगंधा', 'छोटी सी बात', 'चितचोर' करणारे दिग्दर्शक. १९८५ मध्ये प्रिया तेंडुलकरांना घेऊन त्यांनी दूरदर्शनवर 'रजनी' गाजवली होती. साध्या माणसाच्या घरात कॅमेरा घेऊन कसं बसायचं, हे त्यांना नेमकं कळत होतं. तेच त्यांनी इथं केलं. पाठलाग नाहीत, मारामाऱ्या जवळजवळ नाहीत. चहा, सिगारेट, आरामखुर्ची आणि समोरच्या माणसाचं बोलणं नीट ऐकणारा एक चेहरा. खून कुणी केला याइतकंच, किंवा त्याहून जास्त, तो कुठल्या हव्यासातून झाला याला महत्त्व. मूळ कथांचा स्वभाव तोच आहे. आनंद शंकर यांचं शीर्षकसंगीत तर आजही कानावर पडलं की अंगावर काटा येतो.

रजित कपूर तेव्हा श्याम बेनेगलांच्या 'सूरज का सातवाँ घोडा'मधला माणिक मुल्ला म्हणून नुकताच समोर आला होता. अजित झाले के. के. रैना. आणि ब्योमकेशची सत्यवती? ती सुकन्या कुलकर्णी, पुढे 'आभाळमाया'तून मराठी घराघरांत गेलेली. शरदिंदूंनी ब्योमकेशला संसार दिला, मूल दिलं, म्हातारपणाकडे नेलं. कथांमधली सत्यवती नवऱ्यावर रुसते, अजितशी वाद घालते, दोघांनाही वेळेवर जेवायला बसवते. सुकन्याताईंनी ते इतक्या सहज केलं की ती बंगाली बाई आम्हाला शेजारच्या वाड्यातली वाटली.

त्या वेळी उपग्रह वाहिन्या दारात उभ्या होत्या. १९९२च्या ऑक्टोबरात झी सुरू झालं होतं. तरी या शांत मालिकेला प्रेक्षक मिळाला, आणि १९९७ मध्ये दुसरं पर्वही आलं. २०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शननं ती पुन्हा दाखवायला घेतली आणि मार्चअखेरीस ब्योमकेश परत घराघरांत आला. त्याच वर्षी ४ जूनला बासूदा गेले.