वासराचं गजकर्ण आणि बुरशीच्या लसीची जुनी गोष्ट

2021 मध्ये इंदूरच्या एमवाय या सरकारी हॉस्पिटलमध्ये ब्लॅक फंगसचे पेशंट भरले होते तेव्हा आमच्या राजेंद्र नगरात जो तो एकच विचारायचा, कोरोनाची लस आली मग याची का नाही? तर माणसासाठी बुरशीवरची एकही लस अजून मंजूर झालेली नाहीये. गायींना मात्र पन्नासेक वर्षांपासून आहे.

मागच्या हिवाळ्यात आमच्या दूधवाल्याच्या वासराला डोळ्याभोवती गोल राखाडी खपल्या आल्या, हात लावला की केसांसकट सुटून यायच्या. गजकर्णच ते, इकडे सगळे दादच म्हणतात. पुढे त्याच्या स्वतःच्या मनगटावरही चट्टा उठला, कारण हे जनावराकडून माणसाला लागतं. त्यानं वासराला जळकं इंजिन ऑइल चोपडलं (कृपा करून असलं काही करू नका) आणि वर मला म्हणे, "दादा, एकदा होऊन गेलं की परत नाही होत." ऑइलचं सोडा, पण हे त्याचं बरोबर होतं, अख्खी लस याच एका गोष्टीवर उभी आहे.

मॉस्कोत सार्किसोव नावाचे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या टीमनं 1970 च्या आसपास ट्रायकोफायटॉन व्हेरुकोझम, म्हणजे गायींना गजकर्ण करणाऱ्या बुरशीचाच एक अशक्त केलेला वाण घेऊन जिवंत लस बनवली, सुकवून ठेवता येणारा तिचा प्रकार म्हणजे एलटीएफ-130. स्नायूत दोन इंजेक्शनं, मध्ये दहा ते चौदा दिवस. गंमत म्हणजे सुई टोचली तिथे छोटी खपली धरते आणि नंतर गळून पडते, म्हणजे रोग चिमूटभर देऊनच अंगाला ओळख करून द्यायची.

खरी परीक्षा झाली नॉर्वेत. गाउसदाल भागात 1979 पासून जवळपास सगळ्या गोठ्यांत लस दिली, तेव्हा 70 टक्के गोठ्यांत गजकर्ण होतं आणि आठेक वर्षांत ते शून्यावर आलं. सोपं नव्हतं हं, या बुरशीचे बीजाणू गोठ्याच्या लाकडात वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून साफसफाईही तितकीच लागली.

मग माणसाचं का अडलं? बुरशीशी लढताना नुसत्या अँटिबॉडी पुरत नाहीत, टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) जाग्या व्हाव्या लागतात, आणि मेलेली बुरशी टोचून त्या नीट जाग्या होत नाहीत. अमेरिकेत 1980 च्या दशकात व्हॅली फीव्हर, म्हणजे मातीतल्या बुरशीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगासाठी मेलेल्या बुरशीची लस जवळजवळ 2,900 लोकांवर करून पाहिली, दंड सुजायचे म्हणून डोस कमी ठेवावा लागला आणि शेवटी लस घेतलेल्यांत नि न घेतलेल्यांत म्हणावा तसा फरकच दिसला नाही. बरं, जिवंत बुरशी माणसाला टोचायची म्हणजे आधीच अशक्त पेशंटचं काय, ही भीती आहेच.

अ‍ॅरिझोनात तोच रोग कुत्र्यांनाही होतो, माती हुंगत फिरतात ना. तिथल्या युनिव्हर्सिटीत बुरशीतला सीपीएस1 नावाचा एक जीनच काढून टाकला, जो आधी सापडला होता मक्याच्या पानांवर करपा आणणाऱ्या बुरशीत! ही बुरशी जिवंत असते पण आजारी पाडत नाही, आणि दोन डोस दिलेल्या कुत्र्यांची फुप्फुसं चाचणीत चांगलीच वाचली. म्हणजे फिरून परत जिवंत लसच.

दूधवाल्याचं वासरू दोन-अडीच महिन्यांत आपोआप बरं झालं. तो अजून क्रेडिट ऑइललाच देतोय.